हौदातले मांगूर

मांगूर मासा पाण्याबाहेर घटकाभर जिवंत राहतो, हे आमच्या मासेमार ढिवरांत लहान लेकरालाही ठाऊक असतं. पण जिवंत राहतो म्हणून त्याचा पैसा करता येतो, हे आमच्या गावात कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ते माझ्या डोक्यात आलं. शाळा माझी दुसरीपर्यंतच झाली, पण हा विचार मला कोणी शिकवलेला नाही, आणि त्याचं श्रेय मी कोणाला देणारही नाही. पुढे जे झालं तेही माझंच. ते सांगायला बसलो आहे.

नागपूरला दीक्षा झाली त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. नवे पैसे नुकतेच निघाले होते, पण बाजारात सगळे अजून आण्यातच बोलत. आमचं गाव देवळीपासून दीड कोसावर. गावचा तलाव आधी मालगुजाराचा, म्हणजे जमीनदाराचा होता. मालगुजारी गेल्यावर तो सरकारजमा झाला आणि त्याचा वर्षाचा ठेका आमची नऊ घरं मिळून घेऊ लागली. नऊ घरं, नऊ जाळी. आमच्यात जाळं म्हणजे नुसतं सुताचं विणकाम नव्हे. जाळं म्हणजे तलावावरचा हक्क. ज्याचं जाळं चालू, त्याचा वाटा चालू.

वाटा पाडायची रीत अशी. मासा काठावर आला की नऊ ढीग घालायचे. एकाने ढिगांकडे पाठ करून उभं राहायचं. दुसऱ्याने एका ढिगावर काठी टेकवून विचारायचं, "हा कोणाचा?" पाठमोऱ्या माणसाने कोणत्याही घराचं नाव घ्यायचं. त्याला ढीग दिसत नाही, म्हणून लबाडीला जागा नाही. माझा बाप मेला त्या दिवसापासून नववं घर म्हणून माझं नाव पुकारलं जात होतं.

जेठात तलाव आटला की मधल्या खोलगटात गुडघाभर पाणी उरे, बाकी सगळा चिखल. मांगूर त्या चिखलात घुसून बसतो. पायाने चाचपायचा आणि हाताने काढायचा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना त्याचे काटे असतात. एक जरी लागला तरी हात दोन दिवस ठणकतो. त्या आठवड्यात टोपल्यांवर टोपल्या निघत, आणि नऊही घरच्या बायका एकाच दिवशी देवळीच्या बाजारात एकाच ओळीत बसत. चार आणे शेर. ऊन उतरलं की तीन आणे. उरला तर घरी आणून खायचा.

आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला? सारा श्रावण लोकांनी तोंड बांधून काढलेला असतो. कर उजाडली की जो तो मटण-मासा शोधत फिरतो. पण तेव्हा तलाव तुडुंब असतो, मासा खोलात असतो, जाळ्याला लागत नाही. जो थोडाफार लागतो तो रुपया शेराच्या खाली कोणी देत नसे. मी चिखलात उभा राहून हाच विचार करत होतो. जेठातला हा मासा करीपर्यंत नेता आला तर? रोहू नेता येत नाही, टोपल्यात टाकला की मरतो. मांगूर नेता येतो.

त्याच दिवशी काठावर मी बोललो. आमच्या जाळ्यांचा कारभार माझ्या मोठेबांकडे होता. मोठेबा म्हणजे माझ्या बापाचा मोठा भाऊ. वाळलेल्या बाभळीसारखा माणूस, शब्दाचा पक्का.

"मोठेबा, आजपासून करीपर्यंत मले फक्त मांगूर द्या. बाकी मासा तुमी आठ घरं वाटून घ्या."

सगळ्यांनी माना वर केल्या. मोठेबांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, हसून म्हणाला, "मांगराशी सोयरीक केली का रे?"

"करीन. तुले पत्रिका देईन."

मोठेबा हसले नाहीत. "अन् करीले काय आणशीन?"

इथे मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण आठ माणसं बघत होती. म्हटलं, "एका जाळ्याची सालभराची कमाई एका दिवशी आणून दाखवतो."

"नाई आणली त?"

"त जाळं गुंडाळतो."

असं बोलायला मला कोणी सांगितलं नव्हतं. मोठेबांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कोणी चोरलं, कोणी जहर टाकलं, त ते धरणार नाई. पण तुह्या हातानं गेलं त गेलं. मान्य हाय?"

"मान्य."

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकर थापत होती. तिचे हात थांबले. तिचं माहेर वैनगंगेच्या काठचं, तिचा बाप मोठा ढिवर. ती एवढंच म्हणाली, "जाळं माह्या सासऱ्याचं होतं. ते तोंडानं देऊन आले का तुमी?"

देवळीच्या वाटेवर कापसाची सरकी काढायचं एक जिनिंग बंद पडलेलं होतं. कापसाला आग लागली तर विझवायला म्हणून तिथे विटा-चुन्याचा हौद बांधला होता, पुरुषाच्या छातीइतका खोल. चौकीदाराला महिन्याला दोन मांगूर कबूल केले आणि हौद माझा झाला. जिनिंगच्या विहिरीतून आम्ही दोघांनी तीन दिवस बादल्या ओढल्या आणि तो अर्धा भरला. दोनशेच्या वर मांगूर त्यात सोडले.

पहिल्या पंधरा दिवसांतच कळलं की मोठा मांगूर लहानाला खातो. पाण्यात अर्धे अर्धे तुकडे तरंगू लागले. मग तुराट्यांची ताटी विणून मधोमध उभी केली, मोठे एकीकडे, लहान दुसरीकडे. खायला देवळीच्या खाटकाकडची आतडी, तेलघाणीवरची पेंडीची ढेप, वारुळातली वाळवी. माझ्या वाट्याला विकायला मासा नव्हता, म्हणून बायको रोज शेतात तण निंदायला जाई आणि मी मिळेल त्या मजुरीला. संध्याकाळी हौदावर जाऊन आतडी टाकली की पाणी उकळल्यासारखं व्हायचं. ते बघून पोटातली भूक विसरायला व्हायची. मांगूर वाढत होते. जेठात दोन बोटांएवढे होते, आषाढात मनगटाएवढे जाड झाले.

हौदाला वरच्या काठापासून वीतभर खाली एक मोरी होती. जादा पाणी त्यातून वाहून जाई. आषाढाच्या पावसात पाणी मोरीपर्यंत आलं आणि लहान मांगूर तिच्यातून सटकू लागले. एके सकाळी सहा-सात मांगूर बाहेरच्या गवतात सरपटताना सापडले. त्या दिवशी मी फडक्याचा बोळा करून मोरीत ठोकला आणि वरून चिकणमाती लिंपली. त्यातच कोणीतरी दोन-चार मांगूर काढून नेल्याची शंका आली. म्हणून जिनिंगची जुनी लाकडी दारं ओढत आणली, हौदावर झाकली आणि वर दगड ठेवले.

बायको ते बघत उभी होती. "फडकं काढा. मोरीले जाळ्याचा तुकडा बांधा. मासा राहीन अन् पाणी जाईन."

"पाणी काऊन जाऊ देऊ? जास्त पाणी असलं त बरंच हाय."

"मांगराले नाई. माह्या बाबाच्या घरी मडक्यात मांगूर ठेवत. मडकं कधी अर्ध्याच्या वर भरत नव्हते. तो वर येऊन दम घेते. वर जागा नसली त बुडून मरते."

तिथे चौकीदार होता आणि माझा चुलतभाऊही गंमत बघायला आला होता. दोघे हसले. मीही हसलो, आणि त्या दोघांकडे बघत म्हणालो, "आयकलं का? मासा पाण्यात बुडते म्हणे! वैनगंगेचं पाणीच येगळं हाय बाप्पा."

मांगूर वर येऊन तोंड काढतो, हे मी हजारदा पाहिलं होतं. तो कशाला वर येतो हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. आणि चार माणसांपुढे बायकोला विचारणं माझ्याच्याने होणं नव्हतं. ती पदर खोचून घराकडे निघून गेली.

श्रावण अर्ध्यावर आला आणि झड लागली. आमच्याकडे झड म्हणजे उघडीप नसलेला पाऊस, दिवसच्या दिवस. चौथ्या दिवशी तलावाची पाळ एका जागी खचू लागली आणि गावातला प्रत्येक धडधाकट माणूस तिकडे लागला. आम्ही माती टाकायचो आणि पाणी ती घेऊन जायचं. तीन दिवस मी हौदाकडे फिरकलो नाही. मनात एकच, की मांगूर पाण्यात आहे आणि पाण्यात माशाला काय होणार. पाळ सावरली त्या दुपारी पाऊस थोडा थांबला, तेव्हा हौदाकडे गेलो. बायको निंदणाहून परत येताना वाटेत भेटली. तीही सोबत आली.

हौदाजवळ येताच वास आला. मी दगड बाजूला फेकले आणि पहिलं दार उचललं. दार जड झालं होतं. खाली पाणी नव्हतंच दिसत. पांढरी पोटं होती. एकाला एक लागून, दाराच्या लाकडाला चिकटलेली. दुसरं दार उचललं, तेच. लाकडाच्या खालच्या बाजूवर तोंडं घासल्याच्या खुणा होत्या.

"जहर," मी म्हणालो. "कोणं तरी जहर टाकलं."

मी ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं, जिभेला लावलं. मेलेल्या माशांखेरीज कशाचाही वास नव्हता. बायकोने हात पुढे केला आणि हौदाच्या काठावर बोट ठेवलं. पाणी थेट काठाला टेकलेलं होतं. दार आणि पाणी यांच्यात बोट जाईल एवढीही जागा नव्हती. मोरीतला माझा बोळा जसाच्या तसा घट्ट होता. मी चांगला ठोकला होता.

तिसऱ्या दाराला पूर्वी कडी होती. कडी कोणीतरी काढून नेली होती, तिचं भोक राहिलं होतं, रुपयाएवढं. त्या भोकातून पाणी हलल्याचा आवाज येत होता. मी वाकून पाहिलं. भोकात एक तोंड आलं, मिशा बाहेर आल्या, फुसकन हवा घेतली आणि खाली गेलं. लगेच दुसरं आलं. मग तिसरं. तीन दिवस ते सगळे त्या एका भोकापाशी गर्दी करून पाळीपाळीने जगत होते.

"दार उचला!" बायको ओरडली. "बघत काय राह्यले!"

मी बोळा ओढून काढला. मोरीतून पाणी धो धो वाहू लागलं. आम्ही दोघांनी उरलेली दारं फेकून दिली आणि मेलेले मासे बाहेर काढत गेलो. माझ्या हाताला दोन काटे लागले, ते संध्याकाळपर्यंत कळलेसुद्धा नाहीत. जिवंत साठ-सत्तर निघाले. लाकडावर घासून घासून त्यांची तोंडं सोलली होती. कितीकांच्या मिशा तुटल्या होत्या.

पोळ्याला अजून बारा दिवस होते. सोललेल्या मांगराला पाच-सहा दिवसांत पांढरी बुरशी धरते आणि तो जातो, हे मला पक्कं माहीत होतं. आजच विकायला पाहिजे होते. पण भर श्रावणात गावात मासा घेणार कोण? वर्ध्याच्या ज्या व्यापाऱ्याशी करीच्या दिवसाचं बोललो होतो, तो या दिवसांत दारात उभं करणार नव्हता.

बायको काठावर बसून पाय धूत होती. म्हणाली, "पलीकडच्या वस्तीत जा. त्यायनं श्रावण सोडला."

खरं होतं. दीक्षा घेतल्यापासून त्या वस्तीने जुने उपास, जुनी व्रतं टाकली होती. आता ते स्वतःला बौद्ध म्हणवत. गावातली बाकीची माणसं मात्र त्यांना अजून जुन्याच नावाने हाक मारत, आणि मीही तशीच हाक मारत असे. आम्ही आधीही त्यांना मासा विकत असू, पण वस्तीच्या तोंडाशी उभं राहून. त्यांनी परात खाली ठेवायची, आम्ही वरून मासा सोडायचा, पैसे जमिनीवरून उचलायचे. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तशीच रीत आहे असं धरून चालत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या पोत्यात वीस मांगूर घेऊन गेलो. पहिल्या घरापुढे एक बाई ज्वारी पाखडत होती, माझ्या आईच्या वयाची. पोत्यातली हालचाल बघून म्हणाली, "जिते हाय का रे?"

"जिते हाय बाई. सा आणे शेर."

"मांगच्या जेठात तुह्याच बायकोपासून चार आण्यानं घेतले म्या."

"जेठात नऊ ढिवर होते. आज मी एकटा हाय."

ती हसली. "अन् घेणारे बी आमीच एकटे हावो. वापस नेले त कोणाले विकशीन? मंदिरातल्या पुजाऱ्याले?"

आजूबाजूच्या दारांत चार-पाच बाया जमल्या होत्या, त्याही हसल्या. पाच आण्यांवर तुटलं. तिने परात आणली आणि पुढे धरली. मी एक मांगूर डोक्यापाशी पकडला आणि सवयीने हात वर नेऊन परातीवर सोडला. तिने परात मागे घेतली. मासा मातीत पडला आणि वळवळू लागला.

"वरून नाई," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मांगच्या साली घेत होतो, आता घेत नाई. हातात दे, नाई त उचल तुहं पोतं."

बायांचं हसणं थांबलं. मी मातीतल्या मांगराकडे बघत राहिलो. तोंडाभोवती त्याची लाल जखम होती, तिला माती लागत होती. मला रागही आला. त्यात हेही होतं, की साऱ्या गावात मासा घेणारं हे एकच दार आहे आणि ते तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे. मी खाली वाकून मांगूर उचलला.

मांगूर असा हातातून हातात देणं सोपं नसतं. त्याला दोन्ही काट्यांच्या मागे चिमटीत धरावं लागतं. घेणाऱ्याने आपली बोटं तुमच्या बोटांखालून तिथेच सरकवावी लागतात. ती पक्की बसेपर्यंत सोडता येत नाही, नाही तर काटा त्याच्या तळहातात जातो. तिने बोटं सरकवली. मी थांबलो. "हं," ती म्हणाली. मग सोडला. असे पाच मांगूर दिले. नंतर बाकीच्या बाया पुढे आल्या.

तीन दिवसांत सगळे विकले गेले. पैसे आले, पण एका जाळ्याच्या कमाईजवळ जाण्यासारखे नव्हते.

करीची सकाळ. नऊही घरचे तलावावर आले होते. रात्री लावलेली जाळी निघाली, मासा काठावर पडला. मी हात हलवत गेलो होतो. मोठेबांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मेलेल्या मांगरांची गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक झाली होती, फक्त कारण कोणाला ठाऊक नव्हतं.

माझा चुलतभाऊ माझ्याजवळ आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "याचा काय दोष बा? जहर टाकलं असन. पलीकडच्या वस्तीतले लोक त्या वाटेनं जात-येत राह्यते. मेलेला मासा फुकटात मिळाला पाहिजे म्हणून टाकलं असन."

दोन-तीन जणांनी मान हलवली. कोणी म्हणालं, "आजकाल ते लय चढले हाय." दुसरा म्हणाला, "पोलीस पाटलाले सांगा." चुलतभाऊ माझ्याकडे बघत होता. तो मला वाचवत होता, खरं सांगतो, वाईट मनाने नव्हे. मी फक्त मान हलवायची होती. मोठेबांचा शब्द होता, जहर असलं तर धरणार नाही. माझं जाळं माझंच राहिलं असतं. आणि त्या वस्तीवर दुपारपर्यंत काय ओढवलं असतं, हे तिथे उभ्या प्रत्येकाला कळत होतं.

"बोल," मोठेबा म्हणाले. "जहर होतं का?"

मी फार चांगला माणूस आहे म्हणून पुढचं बोललो, असं कोणी समजू नये. त्या बाईचा हात आठवला, हे खरं आहे. पण त्याहून मोठं कारण हे, की तो हौद मी शोधला होता, मांगूर मी वाढवले होते, आणि मारलेही मीच होते. माझ्या कामात दुसऱ्या कोणाला वाटेकरी करायची माझी तयारी नव्हती, चुकीतसुद्धा नाही.

"जहर नव्हतं. मोरी म्या बुजवली. वरून दारं झाकली. पाणी भरलं, त्यायले दम घ्यायले जागा राह्यली नाई. बुडून मेले."

 मग कोणीतरी फस्सकन हसलं, आणि सगळा काठ हसू लागला. ढिवराने मासा पाण्यात बुडवून मारला! चुलतभाऊसुद्धा हसला, तोंड फिरवून. मोठेबा हसले नाहीत.

"तुले कोणं सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं. बायकोनं. मी आयकलं नाई."

मोठेबांनी मान खाली घातली. बाकीच्यांनी मासा ढिगांत लावला. मग हातातली काठी चुलतभावाकडे दिली आणि ढिगांकडे पाठ करून उभे राहिले. करीपासून माझा नववा ढीग परत पडायचा होता. मी मोजले. आठ होते. चुलतभावाने पहिल्या ढिगावर काठी टेकवली आणि विचारलं, "हा कोणाचा?" मोठेबांनी एका घराचं नाव घेतलं. मी शेवटपर्यंत थांबलो. कोणी म्हणू नये की पळून गेला. आठवं नाव झालं, आणि मोठेबा वळले नाहीत, तसेच पाण्याकडे बघत उभे राहिले.

घरी आलो. बायको दारात तुराटीचा झाडू बांधत होती. तिने वर न बघता विचारलं, "किती ढीग?"

"आठ."

तिने गाठ आवळली, दातांनी दोरी तोडली.  मग म्हणाली, "हौद त हाय ना अजून?"

"हाय."

"चौकीदारापासून तोच मांगून ठेवजा पुढच्या जेठाले. मांगूर बाजारातून घेऊ, चार आण्यानं भेटते. पाणी कमरेच्या वर जाऊ द्यायचं नाई. अन् करीची वाट पाहायची नाई, श्रावणातच विकायचे, तठी, पलीकडच्या वस्तीत."

"हो," मी म्हणालो.

ती झाडू तसाच हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. लग्नाला सात वर्षं झाली होती. तिच्या बोलण्यावर मी काहीही जोडल्याशिवाय नुसतं "हो" म्हटल्याचं तिला आठवत नसावं. मलाही आठवत नव्हतं.